खुलासा : ते बटण फ्रँकलिनच्या कोटाचं नाही

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात, पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हॅन पेल्ट ग्रंथालयासमोर एक प्रचंड तुटकं पांढरं बटण आहे. समोर बसलेल्या, विद्यापीठाचे संस्थापक बेंजामिन फ्रँकलिन यांच्या पुतळ्याच्या कोटाचं बटण तुटून इथे घरंगळलं, ही कथा विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. कथा गोड आहे, पण खरी नाही.

पुतळा ब्राँझचा, जॉन बॉयल यांनी 1899मध्ये घडवलेला. मूळचा शहरातल्या टपाल कचेरीपुढचा, विद्यापीठात आला 1939मध्ये. बटण आहे 1981चं, शिल्पकार क्लेस ओल्डनबर्ग यांचं, रंगवलेल्या ॲल्युमिनियमचं. व्यास सुमारे 16 फूट. त्यामुळे ते बटण ‘प्लास्टिकचं आहे’ असं कुणी म्हटलं तर तेही चूकच.

ओल्डनबर्ग यांनी अर्थ सांगितला तो वेगळाच: मधली भेग म्हणजे फिलाडेल्फियाला दुभागणारी स्कूलकिल नदी, आणि चार भोकं म्हणजे शहराचा संस्थापक विल्यम पेनच्या मूळ आराखड्यातले चार चौक. (आराखड्यात पाचवा, मधलाही चौक होता, तिथे आज सिटी हॉल उभा आहे.) नकाशा हाताशी ठेवून बटण पाहावं, मग ती भेग नुसती मोडतोड वाटत नाही.

मुलं त्यावर चढतात, भोकांतून आरपार जातात. बुटांनी घासून रंग उडतो आणि आतला धातू उघडा पडतो, म्हणून अशा शिल्पाला अधूनमधून रंगाचा नवा हात द्यावाच लागतो.