चिपळूण सावरलं म्हणे!

चिपळूणच्या बाजारपेठेत आज फेरफटका मारा. २२ जुलै २०२१ ला इथली दुकानं पाण्यात बुडाली होती, हे नवख्या माणसाला सांगून पटणार नाही. शटरं नवी, काउंटर नवे. येणारे-जाणारे कौतुकानं म्हणतात, कोकणी माणूस चिवट हो! आहेच. पण या कौतुकाचा मला हल्ली रागच येतो. त्याआड बरंच काही खपून जातं.

आमच्या मामांचं कापडाचं दुकान आहे. २००५ च्या पुरानंतर त्यांनी पोटमाळा काढला, तेव्हाच्या पाण्याच्या खुणेहून हातभर वर. पावसाळा आला की भारी माल वर चढायचा. २०२१ ला पाणी त्या माळ्यावरही गेलं. साड्यांचे गठ्ठे बाहेर काढले तर घडी उलगडेना, चिखलानं पदराला पदर चिकटलेला, एकीचा रंग दुसरीला लागलेला. आता माळा आणखी वर घेतलाय. मामा तिथे वाकूनच वावरतात. सारं गाव असंच सावरलंय, ज्याचं त्यानं, कर्ज काढून.

आणि नदी? वाशिष्ठीत गाळ साठून बेटं झाली होती, शिव नदीचीही तीच गत. वरच्या डोंगरातली झाडं तोडली, माती खाली आली. भरतीच्या वेळी खाडी पाणी घेईना. त्यात कोळकेवाडी धरणातून येणारं कोयनेचं अवजल, म्हणजे वीज तयार करून झाल्यावर सोडलेलं पाणी. कुणाचा वाटा किती, यावर गावात अजून भांडणं होतात, होऊ देत. गाळ काढा, एवढं म्हणायला मात्र डिसेंबर २०२१ मध्ये लोकांना साखळी उपोषणाला बसावं लागलं. मग यंत्रं उतरली, बेटं निघाली. तेवढं श्रेय द्यायलाच हवं.

पण गाळ दरवर्षी येतो. मग तो काढायचा पैसा दरवर्षी का नको?

पूररेषेबद्दल बोललं की आपलीच माणसं चिडतात. निळ्या रेषेत, म्हणजे नकाशावर वारंवार पुराखाली जाणारा म्हणून आखलेल्या पट्ट्यात, घर असलं की बांधकामाची परवानगी अडते, जागेची किंमत पडते, हे मान्य. जुन्या पेठेला काही सवलत द्या. पण त्याच रेषेत नव्या इमारतीसाठी भराव टाकणाऱ्यांनी पेठेतल्या दुकानदाराच्या आडून ओरडू नये.

माझी मागणी साधी आहे. दर मे महिनाअखेर बाजारपुलाजवळ एक फलक लावा. यंदा किती घनमीटर गाळ काढला आणि कुठे नेऊन टाकला, ते लिहा. काठावरच ढीग मारून ठेवला असेल, तर तेही लिहा.