पिक्चर लावायला जागा

कोल्हापुरात सिनेमावर वाद सुरू झाला की तो फिरून तीनच ठिकाणी येतो: जयप्रभा स्टुडिओ, मोरेवाडीची चित्रनगरी, म्हणजे शूटिंगसाठीची सरकारी जागा, आणि मराठी चित्रपटांना मिळणारं सरकारी अनुदान. 2022 मध्ये जयप्रभाच्या जागेच्या विक्रीचा व्यवहार झाल्याचं बाहेर आलं आणि कलाकार, तंत्रज्ञ साखळी उपोषणाला बसले. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत हा स्टुडिओ 1948 मध्ये खाक झाला होता, आणि दिग्दर्शक भालजी पेंढारकरांनी तो पुन्हा उभा केला होता. त्या मातीसाठी माणसं रस्त्यावर उतरतात याचा मला टोकियोत बसूनही अभिमान वाटतो. अनुदानाचंही तसंच. 'अ' दर्जाच्या मराठी चित्रपटाला 40 लाख आणि 'ब' दर्जाला 30 लाख हे आकडे आपण अनेक वर्षं ऐकत आलो. ते वाढावेत ही मागणी रास्तच आहे.

पण मंगळवार पेठेतला माझा एक मित्र सेटवर आर्टचं काम करतो. त्याने मध्यंतरी फोनवर जे सांगितलं ते या तिन्हींत बसत नाही. "गड्या, पिच्चर काढाय पैसं कसंबी गोळा हुत्यात, पर लावाय जागा मिळत न्हाई." मला वाटतं, सगळं दुखणं या वाक्यात आहे. आणि ते मला नीट कळलं एका जपानी विनोदी चित्रपटामुळे.

चित्रपटाचं नाव 'वन कट ऑफ द डेड', दिग्दर्शक शिनइचिरो उएदा. एका दिग्दर्शकाला काम मिळतं: झाँबींची अर्ध्या तासाची गोष्ट, थेट प्रक्षेपण आणि तेही एकाच शॉटमध्ये. हा दिग्दर्शक स्वतःची जाहिरात करतो तीही अशी, की काम लवकर देतो, स्वस्तात देतो आणि दर्जा बेताचा असतो. पहिली 37 मिनिटं पडद्यावर तो एकच सलग शॉट चालतो. नट मध्येच गप्प होतात, संवाद भरकटतात, कॅमेरा जमिनीवर पडून राहतो. पाहणाऱ्याला वाटतं, पैसे नव्हते आणि अक्कलही नव्हती. नंतर चित्रपट मागे जातो आणि यातली प्रत्येक चूक का झाली, ती निस्तरायला पडद्यामागे कोण कोण धावलं हे दाखवतो. पुढचं सांगत नाही. एवढंच सांगतो की ज्या गोष्टींना मी मनात नावं ठेवली होती, त्याच गोष्टींवर मी पोट धरून हसलो, आणि शेवटाकडे त्या माणसांबद्दल डोळ्यांत पाणी आलं. गरिबीची टिंगल करणारा विनोद वेगळा. हा विनोद हातात काही नसताना काम तडीस नेणाऱ्यांच्या बाजूने उभा राहतो.

हा चित्रपट साधारण 30 लाख येनमध्ये झाला. म्हणजे आपल्या पैशात वीस लाखांच्या आसपास, 'ब' दर्जाच्या अनुदानापेक्षाही कमी. टोकियोतल्या एका अभिनय आणि दिग्दर्शन शिकवणाऱ्या संस्थेच्या कार्यशाळेतून तो निघाला. नट कुणाला माहीत नव्हते. जून 2018 मध्ये तो लागला फक्त दोन थिएटरांत, शिंजुकुत एक आणि इकेबुकुरोत एक. पाहून आलेली माणसं इतरांना एवढंच सांगत: कथा विचारू नका, पण जा. दिग्दर्शक आणि नट वारंवार थिएटरात येऊन प्रेक्षकांसमोर उभे राहत. पुढे तो तीनशेहून जास्त पडद्यांवर पोचला आणि त्याने 300 कोटी येनच्या वर गल्ला केला.

आपल्याकडे ही गोष्ट सांगितली की लोक पहिला आणि शेवटचा आकडा लक्षात ठेवतात आणि म्हणतात, बघा, पैसा लागतच नाही, कल्पना लागते. मला हे मान्य नाही. माझ्या दृष्टीने महत्त्वाची आहेत ती मधली दोन थिएटरं. शिंजुकुच्या त्या थिएटरात शंभरही खुर्च्या नाहीत. जपानमध्ये अशा जागांना मिनी थिएटर म्हणतात. तिथे अनोळखी माणसाचा चित्रपट लागतो आणि तो सोमवारी उतरत नाही. शुक्रवारी पाहिलेला माणूस कचेरीत कुणाला तरी सांगतो, तो माणूस पुढच्या शनिवारी येतो, आणि तोपर्यंत चित्रपट तिथेच असतो. तोंडी बातमी पसरायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ त्या थिएटरने दिला. पहिल्या 37 मिनिटांत उठून गेलेल्या प्रेक्षकाला हा चित्रपट कळणार नाही. पहिल्या तीन दिवसांत चित्रपट उतरवणाऱ्या थिएटरलाही तो कधी कळला नसता.

आणि आपल्याकडे काय होतं? मराठी चित्रपटाला प्राइम टाइम द्या असा नियम सरकारने 2015 मध्ये आणला. त्यामागची तळमळ खरी होती. पण मल्टिप्लेक्सचा हिशेब पहिल्या शनिवार-रविवारच्या गर्दीवर चालतो. नाव नसलेल्या नटांचा, पोस्टरला पैसे नसलेला चित्रपट तिथे दुपारी बाराला एक खेळ घेऊन येतो आणि आठवडा संपायच्या आत जातो. अनुदान मिळतं ते चित्रपट पूर्ण होऊन परीक्षण झाल्यावर, निर्मात्याला. तो चित्रपट महिनाभर चालवायची हिंमत करणाऱ्या छोट्या थिएटरला त्यातून काय मिळतं? ज्याने ही जोखीम घ्यायची त्याच्या हातात काही पडत नाही, म्हणून ती कोणी घेत नाही.

जपानमध्ये सगळं आलबेल आहे असं कुणी समजू नये. 'वन कट'च्या त्या कार्यशाळेत भाग घ्यायला नटांनीच फी भरली होती. कोल्हापूरच्या ज्युनियर आर्टिस्टला मी हा आदर्श म्हणून कधीच सांगणार नाही, काम करणाऱ्याला मजुरी मिळालीच पाहिजे. चित्रपट गाजल्यावर मूळ कल्पना कुणाची यावरून एका नाट्यसंस्थेशी वादही झाला. मिनी थिएटरंही अडचणीत आहेत. 1968 पासून चाललेला टोकियोतला इवानामी हॉल 2022 च्या जुलैमध्ये बंद झाला, तेव्हा मला फार वाईट वाटलं. पण त्याआधी 2020 मध्ये, कोरोनात थिएटरं बंद पडली तेव्हा र्‍युसुके हामागुची आणि कोजी फुकादा या दिग्दर्शकांनी पुढाकार घेतला आणि लोकांनी मिनी थिएटरांसाठी 33 कोटी येनहून जास्त वर्गणी जमवली. ही वर्गणी चित्रपट काढण्यासाठी नव्हती, चित्रपट दाखवणाऱ्या जागांसाठी होती. असा विचार आपल्या वादात मला कुठेच ऐकू येत नाही.

कोल्हापूरला तर कमी पैशांतल्या सिनेमाची गोष्ट कुणी शिकवायची गरज नाही. बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर या आतेमामे भावांना सिनेमा काढायचा होता आणि कॅमेरा परवडत नव्हता, म्हणून त्यांनी तो स्वतःच बनवायला घेतला. आनंदराव 1916 मध्ये गेले. बाबूरावांनी आपले शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून कॅमेरा पुरा केला. तानीबाई कागलकर या गायिकेने भांडवल दिलं, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. त्याच कंपनीत तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णींना सोबत घेऊन 1929 मध्ये प्रभात फिल्म कंपनी काढली, तीही कोल्हापुरातच. फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटाच्या धडपडीवर 2009 मध्ये 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आला, परेश मोकाशींनी तो हसत-खेळत सांगितला आणि भारतातर्फे तो ऑस्करला गेला. पेंटर बंधूंच्या कॅमेऱ्यावर तसाच खळाळता चित्रपट मला पाहायचा आहे. कोल्हापूरच्या पोरांनी तो काढावा. सुतार, रंगारी, लाइटवाले, घोडे, वाडे, सगळं गावात आहे, आणि शूटिंग म्हटल्यावर आपला वाडा उघडून वर चहा देणारी माणसंही आहेत. टोकियोत रस्त्यावर कॅमेरा लावायचा तर परवानग्यांतच जीव जातो.

प्रश्न उरतो तो प्रेक्षकाचा, आणि त्याबाबतीत मला मुळीच शंका नाही. कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटी शाहू स्मारक भवनात जगभरचे चित्रपट दाखवते आणि लोक येतात. व्हीनस कॉर्नर म्हटलं की रिक्षावाला आजही पुढचं विचारत नाही. ज्या गावात कोपऱ्यांना टॉकीजची नावं आहेत, तिथे ऐंशी खुर्च्या भरणार नाहीत हे मला पटत नाही.

म्हणून माझ्या मित्राला आणि त्याच्याबरोबर आंदोलनात बसणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. जयप्रभासाठी लढा, चित्रनगरीत सोयी मागा, पण निवेदनात आणखी एक कलम घाला. शंभर खुर्च्यांच्या आतलं एक थिएटर गावात हवं. तिथे कमी पैशांत झालेला मराठी चित्रपट रोज रात्री एका खेळाला, किमान चार आठवडे लागेल. तिकीट सेटवरच्या कामगारालाही परवडेल इतकं असेल. आणि अनुदानातला वाटा त्या खुर्च्या चालवणाऱ्याला थेट मिळेल. हे कलम आलं तर परदेशात असलेल्या आम्हा कोल्हापूरकरांकडून वर्गणी गोळा करायचं काम मी अंगावर घेतो.