फूटस्टूल तेवढं खरं, बाकी सगळी थेरं?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गिटार शिकणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. क्लासिकल गिटार धरायची ती डाव्या पायाखाली फूटस्टूल, म्हणजे पाय टेकायचं बुटकं स्टूल, घेऊनच, स्पेनमध्ये शेकडो वर्षं हीच बैठक चालत आली आहे, असं त्यात म्हटलंय. गिटार मांडीवर उचलून धरणारे, तिला लावायचे सपोर्ट आणि मांडीवरच्या उश्या म्हणजे नवी फॅशन, त्यांनी आवाज दबतो. पाठ दुखत असेल तर सराव कमी पडतोय. शिवाय ही महागडी आयात, आपल्यासाठी नव्हेच. मजकूर ठसक्यात लिहिलाय, म्हणून पालकही तो बिनदिक्कत पुढे ढकलतात.

आधी परंपरेचं बघू. आज आपण जिला क्लासिकल गिटार म्हणतो तिचा आकार रूढ केला आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) या स्पॅनिश कारागिरानं. त्याआधीची गिटार अंगानं लहान होती आणि ती धरायच्या तऱ्हाही अनेक होत्या. फूटस्टूल होतं, नाही कशाला म्हणा. पण फर्नांदो सोर हा स्पॅनिश गिटारवादक आपल्या १८३० च्या पुस्तकात गिटार टेबलाच्या कोपऱ्याला टेकवायला सांगतो. त्याचा मित्र दियोनिसियो अग्वादो याला तेवढ्यानं भागेना, त्यानं गिटारसाठी खास तिपाई बनवून घेतली आणि तिचं नाव ठेवलं त्रिपोदिसोन. म्हणजे ‘नवी फॅशन’ दोनशे वर्षांच्या घरात आली. डाव्या मांडीवर गिटार आणि पायाखाली फूटस्टूल ही बैठक सर्वमान्य झाली ती स्पॅनिश वादक फ्रान्सिस्को तारेगा (१८५२–१९०९) आणि त्याच्या शिष्यपरंपरेमुळे. पुढे विसाव्या शतकातला नामवंत स्पॅनिश वादक आंद्रेस सेगोव्हिया जन्मभर तसाच बसला, हे खरं. पण पॉल गॅलब्रेथ हा स्कॉटिश वादक आठ तारांची गिटार चेलोसारखी उभी धरतो, खाली दांडी लावून. तोही क्लासिकलच वाजवतो की.

आवाज दबतो, हा मुद्दा तर उलटाच आहे. गिटारची पुढची फळी सर्वांत जास्त हलते, तिच्या खालोखाल मागची. बाजूच्या पट्ट्या त्या मानानं फारच कमी. बहुतेक सपोर्ट या बाजूच्या पट्टीला धरतात. मागची फळी दाबतो तो वाजवणारा स्वतः, पोटाशी गिटार कवटाळून. अग्वादोनं तिपाई केली त्यामागेही हेच होतं: वाद्य अंगापासून सुटं राहिलं की मोकळं वाजतं.

आता पाठदुखी. या मुद्द्यावर मात्र मला राग येतो, कारण तो वाचून पोरं दुखणं अंगावर काढतात. ‘होतंय की हळूहळू सवय’ म्हणत तासभर बसतात आणि उठताना कंबर धरतात. होतं काय, तर फूटस्टूलवर डावा पाय उचलला की डावा गुडघा कमरेच्या वर जातो. त्याबरोबर ओटीपोटाचा सांगाडा मागे कलतो, कमरेची नैसर्गिक कमान सपाट होते आणि शरीराचा भार एका बाजूला सरकतो. दहा मिनिटांत काही जाणवत नाही. रोज दीड-दोन तास, वर्षानुवर्षं असं बसल्यावर कुणाची कंबर बोलते, कुणाची नाही. ज्याची बोलते त्यानं आणखी सराव केला तर ती आणखी बोलेल, एवढा हिशेब सोपा आहे. दुखणं पायात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील तर गिटारच्या मास्तरांना नाही, डॉक्टरांना विचारायचं.

या मजकुराला खुर्चीचा मात्र पत्ताच नाही. आपल्याकडे क्लास असो, घर असो की गणेशोत्सवाचा मांडव, बसायला मिळते ती प्लास्टिकची मोल्डेड खुर्ची. तिची बैठक मागे उतरती असते आणि खुर्चीचे हात गिटारच्या आड येतात. अशा खुर्चीत फूटस्टूल घेतलं की कंबर मागे आणि गुडघा वर, दोन्हीकडून मार. सपोर्ट घ्यायच्या आधी बिनहातांची, सपाट, घट्ट बैठकीची खुर्ची किंवा स्टूल बघा. दोन्ही तळवे जमिनीवर टेकले पाहिजेत आणि गुडघे कमरेच्या बरोबरीला किंवा किंचित खाली हवेत. लहान मुलाचे पाय लोंबकळत असतील तर दोन्ही पायांखाली पाट द्या, आणि गिटारही पाऊण किंवा अर्ध्या मापाची द्या.

मग उंचीचं माप घ्या. डाव्या मांडीवर जाड पुस्तकं किंवा घडी केलेला टॉवेल ठेवत जा, वर गिटार टेकवा. गिटारचं डोकं साधारण डोळ्यांच्या पातळीला आलं, वरची कड छातीला सहज लागली आणि डावा खांदा न उचलता हात पहिल्या पडद्यापर्यंत पोचला की थांबा. त्या थराची उंची हे तुमचं माप. लांब धडाच्या माणसाला जास्त लागेल, आखूड धडाच्या माणसाला कमी. एकाच क्लासमधल्या दोघांना एकच सपोर्ट बसेल असं नाही, आणि ज्याला फूटस्टूलच सोयीचं पडतं त्यानं ते खुशाल ठेवावं. फक्त उंची वाढवताना गिटार वर येते की नुसता गुडघाच, ते बघावं.

सपोर्टवाल्यांनीही फार उड्या मारू नयेत. दाबून चिकटवायच्या रबरी कपांचे सपोर्ट चकचकीत लॅकरवर (गिटारच्या कडक वार्निशवर) चिकटतात, मॅट फिनिशवर सुटतात. चांगल्या हातघडीच्या गिटारींना बऱ्याचदा फ्रेंच पॉलिश असतं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, जुन्या लाकडी कपाटांना करतात तोच. तो घामानं आणि उष्णतेनं मऊ पडतो, त्यावर कपाचा वळ उठतो, कधी पॉलिशच निघून येतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे, विशेषतः खानापूरच्या बाजूला, हवेतली ओल बघितलीत तर हा धोका समजेल. वाजवून झालं की कप काढून ठेवायचे, आणि फ्रेंच पॉलिश असेल तर कपांच्या वाटेला जायचंच नाही. कप वाजवता वाजवता सुटला तर गिटार फरशीवर, म्हणून उजवा हात वाद्यावरून एकदम काढू नका.

महाग म्हणाल तर आयात केलेला सपोर्ट काही हजारांना पडतो, मान्य. पण उशीला आयात कशाला लागते? मांडीवर बसेल अशी पाचरीच्या आकाराची उशी कुठलाही गादीवाला करून देईल. साधा फोम नको, तो दबून बसतो. रिबॉन्डेड फोम, म्हणजे फोमचे तुकडे दाबून केलेला कडक फोम, मागा. घेतलेलं माप सांगा आणि वर बोटभर जास्त धरा, कारण कडक फोमही थोडा दबतोच. खोळ रेक्झिनची नको, ती घामानं चिकटते आणि पॉलिशला डाग पाडू शकते. जाड सुती कापड घ्या. उशी पँटवरून घसरत असेल तर खालच्या बाजूला, म्हणजे मांडीकडे, ड्रॉवरमध्ये अंथरतात ती जाळीदार मॅट शिवून घ्या. गिटारच्या बाजूला ती येऊ देऊ नका. कुणाला बाजूची पट्टी पकडणारा चिमट्याचा सपोर्टच हवा असेल तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये तोही वळवून मिळेल, पण जाताना गिटार बरोबर न्या, नुसता फोटो नको. बाजूच्या पट्टीची रुंदी वरच्या टोकाला आणि खालच्या टोकाला सारखी नसते, आणि चिमट्याच्या आतून जाड फेल्ट लावल्याशिवाय तो लाकडाला लावून बघू देऊ नका.