स्किपचं बटण जरा बाजूला ठेवा

नवा गेम सुरू झाला रे झाला की सुरुवातीची फिल्म गाळायला अंगठा स्किपच्या बटणावर जातो. घरातला भाचा असो की ऑफिसातला सहकारी, सगळ्यांची घाई एकच, खेळायला कधी मिळणार? मला हे मनापासून खटकतं. सुरुवातीची ती दोन-चार मिनिटांची फिल्म म्हणजे गेमवर मारलेला रंगाचा हात नव्हे. पुढचे कित्येक तास तो गेम आपण ज्या नजरेने बघणार असतो, ती नजर तिथे मिळते.

'फायनल फँटसी ७' घ्या. १९९७ साल, पहिलं प्लेस्टेशन. अंधारात एका फुलं विकणाऱ्या मुलीचा चेहरा दिसतो. ती गल्लीतून रस्त्यावर येते, आणि कॅमेरा मागे मागे, वर वर जात राहतो. अख्खं मिडगार शहर खाली पसरतं. मग तोच कॅमेरा जो सुटतो, तो थेट स्टेशनात शिरणाऱ्या गाडीवर येऊन थांबतो. नायक गाडीतून उडी मारतो आणि पुढच्या क्षणी तो आपल्या हातात असतो. फिल्म कुठे संपली, खेळ कुठे सुरू झाला, सांधा सापडत नाही. खेळातला तो नायक म्हणजे नुसते ठोकळे, हाताला बोटंसुद्धा नाहीत. पण शहर आधी डोळ्यांत भरलेलं असतं, त्यामुळे ठोकळ्यात माणूस दिसायला लागतो. पुढे कळतं की या शहरात वर पैसेवाल्यांचा मजला आहे आणि त्याच्या सावलीत खाली झोपड्या. टॉवरच्या सावलीतल्या चाळी बघत परळ-लालबागला वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

या फिल्म्सना जागा लागते. हा गेम बनवणाऱ्या स्क्वेअर कंपनीने निन्टेन्डोची कमी जागेची कार्ट्रिज सोडून सोनीच्या प्लेस्टेशनची सीडी धरली, त्यामागे हे एक मोठं कारण होतं. तरीही गेम तीन सीड्यांवर गेला. म्हणजे बनवणाऱ्यांनी ती जागा विचार करून खर्च केली होती.

आपल्याकडे मात्र त्याच जागेचा उलटा हिशोब चालायचा. आमच्या शाळा-कॉलेजच्या काळात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या आसपास फुटपाथवर मिळणाऱ्या सीड्यांमध्ये 'रिप' नावाचा प्रकार असायचा. एका सीडीत जास्त गेम बसावेत म्हणून आतल्या फिल्म्स काढून टाकलेल्या. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' मी पहिल्यांदा तसाच खेळलो. त्यात राजपुत्र दरीत पडून मेला की त्याचाच आवाज येतो, नाही नाही, असं घडलं नव्हतं. मला वाटायचं, मेलेला माणूस बोलतोय कोणाशी? पुढे मित्राच्या घरी पूर्ण गेम पाहिला. सुरुवातीलाच राजपुत्र कोणाला तरी गोष्ट सांगायला बसतो. म्हणजे आपण खेळतोय ती सगळी त्याने सांगितलेली गोष्ट, आणि आपलं मरण म्हणजे सांगणाऱ्याची चूक! ती कोणाला सांगतोय हे शेवटी उलगडतं, तेव्हा अंगावर काटा येतो. ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी इथेच थांबतो. पण विचार करा, दोन मिनिटं कापली आणि अख्ख्या गेमचा कणाच काढून घेतला. स्किपचं बटण तेच करतं, फक्त कात्री आपल्या हातात असते.

यावर, फिल्मशिवायही चालतं हे दाखवायला, काही जण 'हाफ-लाइफ'चं उदाहरण देतात. १९९८ चा तो गेम फिल्म दाखवतच नाही, आपल्याला एका ट्रामच्या डब्यात सोडतो आणि खिडकीतून बघत राहायला लावतो. मान्य, अप्रतिम आहे. पण तीसुद्धा सुरुवातच आहे. हातात काम नसताना नुसतं बघायला लावणारी, आणि तिथे स्किपची सोयही नाही.

आता गेमच्या बाहेर, त्याच्याच जगावर बनवलेल्या शॉर्ट फिल्म्सकडे येतो, कारण माझा खरा जीव तिथे अडकलाय. 'ओव्हरवॉच' या गेमची २०१६ सालची 'द लास्ट बॅस्टियन' बघा. त्यासाठी गेम खेळलेला असण्याची अजिबात गरज नाही. युद्ध संपून वर्षं लोटली आहेत, जंगलात एक लढाऊ रोबो पडलाय, अंगावर वेली चढल्यात. एक छोटा पक्षी येऊन त्याच्यावर घरटं बांधायला लागतो आणि रोबो जागा होतो. तो फुलं बघतो, झाडं बघतो, लहान मुलासारखा हरखतो. इतक्यात सुतारपक्षी झाडावर टकटक करतो. त्याला ती मशीनगन वाटते, आणि क्षणात त्याची स्वतःची बंदूक धडाडायला लागते. अख्ख्या फिल्ममध्ये संवाद नाही. युद्ध माणसाच्या आत किती काळ चालू राहतं, हे सात-आठ मिनिटांत एका यंत्राकडून कळतं. मी ती कितीदा पाहिली असेल देव जाणे, सुतारपक्ष्याच्या आवाजाला अजून पोटात गोळा येतो.

"पण ही शेवटी जाहिरातच ना?" हे वाक्य मला नेहमी ऐकवलं जातं. हो, गेम विकायलाच बनवलेली असते. मग 'एक अनेक और एकता' काय होती? विजया मुळ्यांनी १९७४ मध्ये फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेली, एकीचा संदेश द्यायला बनवलेली सरकारी फिल्मच. त्या चिमण्या आणि ते जाळं आपण कधी विसरलो का? पैसा कोणाचा हे बघावं जरूर, पण त्यापुढे काम कसं झालंय तेही बघावं. 'कथीड्रल' या शॉर्ट फिल्मसाठी ऑस्कर नामांकन मिळवलेल्या पोलंडच्या तोमेक बागिन्स्कीने २००७ मध्ये 'द विचर' गेमची सुरुवातीची फिल्म केली. गेमचं काम म्हणून त्याने तिथे हात आखडता घेतलेला नाही.

आणि आपलंही काही कमी नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या 'राजी'मध्ये (२०२०) गोष्ट सावल्यांच्या बाहुल्यांच्या शैलीत पुढे सरकते. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलाकार चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागे नाचवतात, ते पाहिलेल्या कोणालाही हे आपल्या घरातलं वाटेल.

म्हणून माझी एक साधी मागणी आहे. मुंबईत 'मिफ' भरतो, माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनचा महोत्सव, १९९० पासून. त्यात एक दुपार गेम्सच्या या फिल्म्सना द्या. मोठा पडदा, चांगला साउंड, आणि प्रत्येक फिल्मआधी दिग्दर्शकाचं नाव मोठ्याने घ्या. 'राजी'ने सुरुवात करा, मग 'विचर', मग 'बॅस्टियन'. मी पहिल्या रांगेत बसेन, भाच्यालाही घेऊन येईन.