गट बंद झाला, मग मामांना अजून का बोलावता? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

भाऊ, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. इतरांनाही कळावी म्हणून थोडक्यात सांगते. तुमचे मामा औषधाच्या ट्रायलमध्ये, म्हणजे माणसांवरच्या चाचणीत होते. अशा चाचणीत रुग्ण गटांत वाटतात आणि प्रत्येक गटाला वेगळा उपचार देतात. त्यांचा गट मधेच बंद झाला, म्हणजे औषध फसलं, असं तुम्ही म्हणता. मग वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून त्यांना अजून तपासणीला कशासाठी बोलावतात? आणि मी माझ्या लेखात ‘गट बंद करून रुग्णांची सोय लावतात’ एवढ्यावरच विषय गुंडाळला, अशीही तुमची तक्रार आहे. मामांना कोणतं औषध होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, तेव्हा त्यांच्या केसवर मी काही बोलत नाही.

गट बंद झाला म्हणजे औषध फसलं, असं दरवेळी नसतं. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे, त्यातलंच बघा. सिकलसेलच्या ज्या मुलांना पक्षाघाताचा धोका असतो त्यांना नियमित रक्त देतात. धोका कमी झाल्यावर ते थांबवलं तर चालेल का, हे पाहायला अमेरिकेत ‘स्टॉप-टू’ ही ट्रायल झाली. 100 मुलं घ्यायची होती, पण 79 वरच थांबावं लागलं. रक्त बंद केलेल्या 41 मुलांपैकी 14 जणांचा धोका पुन्हा वाढला आणि दोघांना पक्षाघात झाला. रक्त चालू ठेवलेल्या 38 मुलांत असं एकही नाही. म्हणजे थांबवावं लागलं ते उपचार बंद ठेवणं.

आपलं नागपूरही ज्यात होतं ती अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकची ट्रायल 34,000 बाळंतिणींची ठरली होती, ती 29,278 वर थांबवली. औषध घेतलेल्या आयांमध्ये सेप्सिस (जंतुसंसर्गातून होणारा जीवघेणा आजार) किंवा मृत्यूचं प्रमाण 1.6 टक्के होतं, प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीच्या गटात 2.4 टक्के. पुढच्या बायांना प्लासिबो द्यायचा कसा? कोविडात नेमकं उलटं झालं. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ ट्रायलमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा उपयोग दिसेना म्हणून तो गट जून 2020 मध्ये बंद झाला, बाकीचे गट चालू राहिले. डेक्सामेथासोनने जीव वाचतात हे त्याच ट्रायलने त्याच महिन्यात दाखवलं.

अझिथ्रोमायसिनचं सोपं होतं, प्रसूतीच्या वेळी एकदाच डोस. खरी पंचाईत महिनोन् महिने चालणाऱ्या औषधाची. कोणत्या गटात काय घडतंय ते स्वतंत्र देखरेख समिती बघते. ट्रायलचं रोजचं काम बघणारे आम्ही कोऑर्डिनेटर तर सोडाच, तपासणाऱ्या डॉक्टरांनाही गट बंद करायचं पत्र येईपर्यंत काही कळत नाही. हे मुद्दाम तसं ठेवलेलं असतं, नाहीतर नकळत आम्हीच रुग्णांना या गटातून त्या गटाकडे ढकलू. पत्र आलं की त्या गटात नवा माणूस घेणं त्याच दिवशी बंद. रुग्णांच्या हक्कांवर आणि सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीला कळवायचं, संमतीपत्र बदलायचं, बाकीच्या गटातल्या लोकांनाही नवी माहिती सांगून पुन्हा विचारायचं. रुग्णाला तातडीचा धोका असेल तर मात्र कमिटीच्या मंजुरीची वाट न पाहता आधी पाऊल उचलायचं आणि मग कळवायचं, अशी सोय नियमांत आहे.

मग गावात जायचं. सगळ्यांना एकच निरोप देऊन भागत नाही. काही औषधं एकदम सोडली तर त्रास होतो, ती टप्प्याटप्प्याने कमी करावी लागतात. टीबीचा रुग्ण अर्ध्यावर सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात, त्याला पूर्ण उपचारावर आणूनच हात काढायचा. आणि उरलेल्या गोळ्या! आपल्याकडे गोळी फेकून देणं पाप. शेजारणीचेही गुडघे दुखतात, मग चार तिला, दोन जावेला. पत्र्याचा डबा, उशीखाली, देव्हाऱ्यामागे, सगळीकडे विचारून मोजून परत आणायच्या. आमच्या कामातला सगळ्यात किचकट भाग हाच, आणि अहवालात त्याची एक ओळ होते.

आता तुमचा मुख्य प्रश्न. एका आजोबांनी मला तोच विचारला होता: “औषध बंद झालं तं मले काहून बोलावता?” काही दुष्परिणाम औषध थांबल्यावर उशिरा दिसतात, ते पकडायला. दुसरं कारण हिशेबाचं. ज्याला ज्या गटात टाकलं त्याची गणना शेवटपर्यंत त्याच गटात होते. येणं थांबवतात ते बहुधा एक तर ठणठणीत तरी होतात किंवा अंथरुणाला तरी खिळतात. तेच गळले तर औषध होतं त्याहून चांगलं किंवा वाईट दिसणार, आणि तो चुकीचा निकाल पुढे हजारोंच्या गळ्यात पडणार. तरीही मामांवर सक्ती नाही. ते केव्हाही बाहेर पडू शकतात आणि त्यामुळे त्यांचा नेहमीचा उपचार अडता कामा नये. ‘येणार नाही, पण फोनवर सांगेन’ असंही म्हणता येतं.

मजुरीचं तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. एसटीचं भाडं हातावर ठेवलं की झालं, असं मानणाऱ्याने एकदा वेचणीच्या दिवसांत गावात येऊन दाखवावं. गट बंद झाला की पैसा आटतो, हे मी एका ट्रायलमध्ये जवळून पाहिलंय. रुग्णांच्या फेऱ्या ठरल्याप्रमाणे चालू होत्या आणि ट्रायलचा खर्च करणाऱ्या प्रायोजकाकडून भत्त्याची रक्कम मात्र येईना. बंद गटाच्या पाठपुराव्याचा खर्च पहिल्या दिवसापासून वेगळा धरायला हवा आणि तारखा सोयाबीन, कापूस बघून लावायला हव्यात.

नुकसानभरपाईबद्दलही विचारलंत. 2019 च्या नियमांप्रमाणे ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळतात आणि भरपाईही मिळते. गंभीर घटना डॉक्टरांनी 24 तासांत कळवायची असते. औषध नुसतं लागू पडलं नाही म्हणून पैसे मिळत नाहीत. पण त्या आजाराचा नेहमीचा उपचार उपलब्ध असूनही ट्रायलसाठी तो दिला नाही आणि त्यातून नुकसान झालं, तर ते भरपाईत बसतं.

मामांकडे संमतीपत्राची प्रत असेल, नसेल तर मागून घ्या, तो त्यांचा हक्क आहे. त्यावर एथिक्स कमिटीचा फोन असतो. गट का बंद झाला, पुढचा उपचार कोण देणार, फेरीचे पैसे कधी मिळणार, हे तीन प्रश्न आधी डॉक्टरांना विचारा. उत्तर टाळलं तर कमिटीला फोन लावा. माझी ओळख सांगायची गरज नाही.