निःपक्षपाती म्हणजे गप्प बसणारा नव्हे

सातारा-सांगलीकडच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरतोय. सोसायटीची निवडणूक असो, ग्रामसभा असो की भावकीचा वाद, कुणीतरी तो टाकतंच. त्यात तीन गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. निःपक्षपाती माणूस रामशास्त्र्यांसारखा तटस्थ असतो, कुणाचीच बाजू घेत नाही. दोघांना सारखं देणं हाच न्याय. आणि ज्याला स्वतःचा पक्ष किंवा नातं आहे, तो निःपक्षपाती असूच शकत नाही. पहिलं विधान तर आमच्या माहुलीच्या माणसाचं नाव घेऊन केलेलं आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे तटस्थ होते? 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पेशवेपद रघुनाथरावांकडे आलं, म्हणजे शास्त्रीबुवांचे धनी आता तेच. शास्त्रीबुवांनी चौकशी केली, दोष रघुनाथरावांवरच ठेवला, याला देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरं प्रायश्चित्त नाही असं तोंडावर सांगितलं आणि पुणं सोडलं. पुढे रघुनाथरावांना दूर सारून कारभाऱ्यांच्या मंडळाचा, म्हणजे बारभाईंचा, कारभार आल्यावर ते पुन्हा न्यायासनावर बसले. त्या दिवसांत तटस्थ राहणं फार सोयीचं होतं. काठावर उभं राहून प्रवाह बघणारा तो तटस्थ. रामशास्त्र्यांनी खून करवणारा कोण ते ठरवलं, मारल्या गेलेल्याची बाजू खरी ठरवली आणि त्याची किंमत मोजली. आपण ज्याला ‘रामशास्त्री बाणा’ म्हणतो तो हाच.

पक्षपात करू नये म्हणजे ऐकून घेण्याआधी कुणाकडे झुकू नये. ऐकून झाल्यावर निकाल द्यावाच लागतो, आणि निकाल कुणाच्या तरी बाजूने लागतोच. जत्रेच्या फडात एक पैलवान चीतपट झाला असताना पंचाने ‘बरोबरीत सोडवली’ म्हणून हात वर केले, तर गाव त्याला निःपक्षपाती म्हणेल का? जिंकलेल्या पोरावर तो उघड अन्याय आहे.

दुसरा मुद्दा, दोघांना सारखं. हे कानाला गोड लागतं, पण शेतीच्या वाटण्या पाहिलेल्या माणसाला ते पटू नये. दोन भावांत चार एकर आहेत. दोन एकर कृष्णाकाठची काळी, दोन एकर वर माळाला मुरमाड. मोजणीने दोघांना दोन-दोन एकर दिले की झालं सारखं! अशी वाटणी कुणी मान्य करत नाही. म्हणून तर वाटपपत्रात ‘सरस-निरस मानाने’ हे शब्द येतात: जमिनीचा कस, पाणी, रस्ता सगळं धरून हिस्से पाडायचे, मग गुंठे कमीजास्त झाले तरी चालतील. आपल्या लोकांनी न्याय्य वाटणीसाठी इतका नेमका शब्द वापरात ठेवला आहे. तो विसरून एका फिरत्या मजकुराचं का ऐकावं?

शिवाय ‘सारखं’ म्हणजे कशाच्या मापाने? एकरी सारखं की घरटी सारखं? सांगलीच्या खानापूर तालुक्यात येरळा नदीवर लोकांनी बळीराजा धरण उभारलं तेव्हा हाच प्रश्न आला, आणि भूमिहीनांनाही पाण्यात हिस्सा हे तत्त्व तिथे मांडलं गेलं. ज्याच्याकडे जास्त रान त्याला जास्त पाणी, हेही कुणी ‘सारखंच’ म्हणेल. पाण्याच्या चळवळीने म्हणूनच ‘समन्यायी’ हा शब्द धरला; त्यात माप कोणतं हे आधी सांगावं लागतं. मंत्री शपथ घेतात तेव्हाही ‘निःपक्षपातीपणे’ आणि ‘ममत्वभाव किंवा आकस न बाळगता’ असं म्हणून पुढे ‘न्याय्य वागणूक’ देण्याचं वचन देतात, समान वागणुकीचं नाही. ममत्व आणि आकस दोन्ही वेगळे सांगितले आहेत हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्या माणसाला झुकतं माप न देणारे पुष्कळ भेटतात. नावडत्या माणसाला पुरतं माप देणारे कमी.

तिसरा मुद्दा थोडक्यात. निष्पक्ष आणि निःपक्षपाती यांत फरक करता येतो. विधानसभेचा अध्यक्ष बहुधा पक्षाच्या तिकिटावरच निवडून आलेला असतो, तरी सभागृह त्याच्याकडून निःपक्षपातीपणाची अपेक्षा करतं. पक्ष असणं आणि पक्षपात करणं एक नव्हे. गावात तर कोण कुणाचा पाहुणा नाही? नातं नसलेलाच पंच हवा म्हटलं तर पंचच मिळणार नाही.

एवढं मात्र खरं की स्वतःचाच बांध वादात असेल तर पंच म्हणून बसू नये. चुलत्याचा असेल तर ते सुरुवातीलाच सगळ्यांसमोर सांगावं, आणि समोरच्याला चालत असेल तरच बसावं.