धर जरा

शेजाऱ्यांनी मागच्या अंगणातला डेक नवा केला आणि उरलेल्या फळ्या आमच्या गॅरेजमध्ये आल्या. न्यू जर्सीत शेजारी एकमेकांना झुकिनी देतात, टोमॅटो देतात. आमच्या वाट्याला ईपे आलं. ईपे म्हणजे ब्राझीलकडचं भयंकर कठीण लाकूड. पाण्यात टाकलं तर सरळ तळाशी जातं. हे मला माहीत असायचं काही कारण नव्हतं, पण नवऱ्याने ते मला भाज्या धुवायच्या टबात करून दाखवलं.

मी मूळची मुलुंडची. विक्रोळीजवळ हायवेच्या कडेने दर वर्षी जी गुलाबी फुलं बहरतात, त्या टॅबेबुयाचं हे नात्यातलं. त्या फुलांचे फोटो काढताना त्यांचे असले नातेवाईक पुढे सासरी भेटतील अशी कल्पना नव्हती. कोनी आयलंडला समुद्राकाठच्या लाकडी रस्त्यावर लोक वर्षानुवर्षं आईस्क्रीम खात फिरतात, त्यातही हेच लाकूड घातलेलं आहे. एवढ्या गर्दीच्या पायांखाली जे वाकलं नाही, ते वाकवून त्याचं धनुष्य करायचं असं आमच्या घरी ठरलं. ठरलं म्हणजे त्याने ठरवलं आणि जेवताना मला सांगितलं.

"तुला काहीच करायचं नाहीये," तो म्हणाला. "फक्त मधूनमधून जरा धरायचं."

पहिल्यांदा धरलं ते टोकं वाकवताना. शहाण्यासुरत्या झाडांची लाकडं वाफेवर वाकतात. अ‍ॅश किंवा एल्म असेल तर इंचभर जाडीला तासभर वाफ, असा सुतारांचा जुना हिशेब आहे. ईपे तेलकट, घट्ट आणि आधीच भट्टीत वाळवलेलं. ते वाफेला दाद देत नाही. त्याला कोरडी आच लागते. म्हणून हीट गन आली. करपू नये म्हणून वरून तेल चोळायचं असतं, त्यासाठी माझं फोडणीचं तेल गेलं. लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारं लिग्निन नावाचं द्रव्य तापलं की मऊ होतं, हे सगळं तो मला समजावत होता आणि मी फळीच्या दुसऱ्या टोकाला ओव्हनचे हातमोजे घालून उभी होते. बराच वेळ काही म्हणजे काही होत नाही. मग एकाएकी लाकूड हातात ढिलं पडतं. तेवढ्या क्षणात ते साच्यावर दाबून बसवायचं आणि गार होईपर्यंत सोडायचं नाही. आधी सोडलं तर ते निर्लज्जपणे पुन्हा सरळ होतं. असल्या घट्ट लाकडात आच मुरली की लवकर निघत नाही. मुलाची सॉकर प्रॅक्टिस संपली, त्याला शेजारणीने घरी सोडलं, त्याने स्वतःचं सँडविच स्वतः करून खाल्लं, आणि मी तशीच.

मग बांबू चिकटवायचा कार्यक्रम. धनुष्य ओढलं की बाहेरची बाजू, म्हणजे त्याची पाठ, ताणली जाते आणि आपल्याकडचं पोट दाबलं जातं. दाब सोसण्यात ईपेचा हात धरणारं कोणी नाही आणि ताण सोसण्यात बांबूचा, म्हणून दोघांचं लग्न लावतात. अडचण एवढीच की वधू तेलकट, तिला ग्लू लागत नाही. आधी अ‍ॅसिटोनने पुसून घ्यावं लागतं. अ‍ॅसिटोन घरात फक्त माझ्याकडे होतं, नेलपॉलिश काढायचं. पुढे घरातलं जे जे चिमटा काढू शकतं ते ते सगळं त्या फळीवर चढलं. क्लॅम्प संपले तेव्हा मी होतेच. दाराची बेल वाजली, फोन वाजला, डाळीच्या कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या. डाळ इतकी शिजली की ती आता बांबूलाही चिकटली असती.

भुशाबद्दल मी वेगळं बोलणार होते, पण थोडक्यात सांगते. ईपेचा भुसा पिवळा असतो. त्यात लॅपाचॉल नावाचं काहीतरी असतं. त्याने नाक चुरचुरतं, अंगाला खाज सुटते, आणि साबण लागला की ते लाल होतं. हळदीच्या डागाला साबण लावल्यावर जे होतं, तेच. नवऱ्याचा एकच टी-शर्ट पांढऱ्या कपड्यांच्या धुण्यात गेला आणि आमच्याकडे एकदम हळदीकुंकू झालं.

खरी कसोटी मात्र टिलरिंगची. धनुष्य भिंतीवरच्या खुंटीवर आडवं ठेवायचं, दोरी कप्पीतून खाली घ्यायची आणि एकाने ती ओढायची. दुसऱ्याने लांब उभं राहून डोळे बारीक करून दोन्ही बाजू सारख्या वाकतात का ते बघायचं. कोणी काय करायचं हे सांगायला नको. "थोडं अजून. थांब. धर. डावीकडे मधे ताठ आहे." मग तो तिथे कानस फिरवणार, पुन्हा दोरी माझ्या हातात. जाडी दहा टक्क्यांनी कमी केली तर ताकद चौथाईहून जास्त उतरते, कारण हिशेब जाडीच्या घनाचा असतो. त्यामुळे तो एका वेळी केसाएवढंच लाकूड काढतो. त्याचं बरोबरच आहे. पण तो केस माझ्या खांद्यातून निघतो.

एकदा दोरी पूर्ण ओढलेली असताना तो अगदी सहज म्हणाला, "जुने धनुष्यवाले म्हणतात, पूर्ण ओढलेलं धनुष्य नऊ दशांश मोडलेलंच असतं."

"आणि हे तू मला आत्ता सांगतोयस?"

"हलू नकोस. डावीकडे बघतोय."

महाराष्ट्र मंडळातलं कोणीही घरी आलं की गॅरेजमध्ये डोकावतं आणि सीतास्वयंवराचा विनोद करतं. प्रत्येकाला तो त्या क्षणी पहिल्यांदाच सुचलेला असतो. मी हसते. चहा ठेवते. गाडी आता बाहेर बर्फात उभी असते, कारण ईपेला नोव्हेंबर 2024 पासून साइट्सचे, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे, निर्बंध लागले, आणि तेव्हापासून नवऱ्याने गावभरच्या उरलेल्या फळ्या गोळा करायला सुरुवात केली. जंगल वाचावं म्हणून केलेल्या नियमाने माझं गॅरेज गेलं. तक्रार कुठे करायची?

सासरे वनखात्यातून निवृत्त झालेले. रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांना सगळं दाखवण्यात आलं. त्यांनी चष्मा वर केला.

"ब्राझीलचं लाकूड कशाला? आपल्याकडे धामण आहे की. कुऱ्हाडीचे दांडे, गाडीचे दांडे, धनुष्यं, सगळं धामणीचं होत आलंय. लवचीक किती! आणि भिल्लांचा कामठा बघ. धनुष्य बांबूचं आणि दोरीसुद्धा बांबूच्याच पट्टीची. कसला ग्लू नि कसलं काय."

मला मनापासून बरं वाटलं. कोणीतरी माझ्या बाजूने बोलत होतं. "बाबा, तुम्ही सांगाच त्याला," मी म्हटलं.

"सांगतो ना. मे महिन्यात आम्ही येतोच आहोत. चांगली वाळलेली धामणीची फळी बघून ठेवलीये, साडेपाच फुटांची. चेक-इनमध्ये जाईल का गं?"

"नाही जाणार, बाबा. आणि इथे कस्टमवाले लाकडाला फार विचारतात."

मागून सासूबाईंचा आवाज आला, "अहो, तिला काय विचारताय? तिकडे धरायला ती एकटीच आहे. मी आले की दोघी धरू."